'आ' म्हणायचं नाही

घरात 'आ' म्हणायला बंदी होती. राजेश्रीनंच घातलेली. परभणीच्या थेरपिस्ट बाईंनी तिला आरशासमोर बसवून दाखवलं होतं, की तोंड उघडताना कुणाचंही डोकं किंचित मागं जातं. जबडा हलला की मानेचे स्नायू डोकं सावरून धरतात. तिच्या दीड वर्षाच्या लेकीची, श्रीनिधीची मान मात्र एकदा मागं निघाली की थांबायचीच नाही, आणि घास श्वासनळीत उतरायचा. दोनदा न्युमोनिया होऊन गेला होता. 'आ कर' ऐकलं की पोर हरखून भलामोठा जबडा उघडायची. म्हणून हनुवटीखाली बोट धरायचं, डोकं जरा पुढं ठेवायचं आणि मुकाट्यानं चमचा ओठाला लावायचा.

राणीसावरगावात हे कोण ऐकणार? सासू नर्मदाबाई बीएस्सी झालेल्या सुनेला म्हणायच्या, "आमी चार लेकरं आ म्हणूनच वाढवली. तुझं बीएस्सीचं लेकरू लय निराळं हाय बाई." तरी राजेश्री त्यांच्या हाती चमचा देईना.

सोमवारी परभणीला थेरपिस्ट बाईंकडं तपासणी होती. दहा चमचे ठसक्याविना गेले तर नाकातून दूध द्यायची नळी टळणार होती. नवरा, भागवत, दाराशी उभा. आठ चमचे नीट गेले. नवव्याला श्रीनिधीनं ओठ मिटून घेतले. राजेश्री थांबली. बाई कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. नळीचंच लिहितायत की काय, असं तिला वाटलं, आणि कळायच्या आत तिचंच तोंड उघडलं, तिचंच डोकं मागं गेलं.

"आ कर माझी बाय, आऽ..."

पोर खुदकन हसली. अख्खी मान मागं कलंडली. मग ठसका, निळसर ओठ, धावपळ.

दोन दिवसांनी नळीसकट घरी आले. गालावरची चिकटपट्टी पाहून नर्मदाबाई दारातच खाली बसल्या.

"मागल्या हप्त्यात तू न्हायला गेलतीस, तवा मी एक घास भरवला गं. त्यानंच झालं का?"

हो म्हणून टाकणं सोपं होतं. भागवतही काही बोलला नसता.

"नाही मामी," ती सासूला म्हणाली. "तिथं मीच आ म्हणले."

नर्मदाबाईंनी नातीच्या तोंडाकडं पाहिलं. मग हळूच विचारलं, "नळीतून चव कळती का गं तिला?"

"नाही," राजेश्री म्हणाली, आणि सिरिंजमध्ये दूध ओतू लागली.