शेवटच्या घराचं पाणी

“मशीन खाली उतरव,” आत्या म्हणाली.

शिंपीणबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि शिलाई मशीन हातगाडीवर दोरीने आवळलं. उताराच्या टोकाचं तिचं घर म्हणजे वस्तीतलं शेवटचं. आठवडाभर तिच्या नळाला नुसती हवा येत होती.

वस्ती उठवा, असं सरकारकडून कितीदा सांगून झालं होतं. पावसाने पाठ फिरवली, टँकर परवडेना. पण वस्ती हट्टाला पेटली. जुन्या विहिरीवर सगळ्यांनी मिळून उन्हावर चालणारा पंप बसवला, टेकाडावर टाकी बांधली आणि नियम केला: आधी शेवटच्या घराला पाणी, मग वरच्यांना. पाणी पोचलं की शिंपीण छपरावर लाल कापड टाकायची. ते दिसलं की आत्या टाकीपाशी वरच्या गल्ल्यांच्या चाव्या उघडायची. आठवडाभर कापड दिसलं नव्हतं, तरी सगळेच तहानलेले राहू नयेत म्हणून ती नाइलाजाने त्या उघडत होती. नवरा गेल्यापासून आत्या भावाकडे राहत होती. भाचरं आत्या म्हणायची, म्हणून अख्खी वस्तीच तिला आत्या म्हणू लागली. चाव्या तिच्या हातात होत्या आणि त्याचा तिला भलता तोरा होता.

“पाइप कुठेतरी फुटलाय,” ती म्हणाली. “निम्मी गल्ली खणून काढली. सापडेल गं.”

शिंपीण हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

“पुरे कर ना आता ते खणणं. तुझ्या दादाने मोरीच्या मागे मोटर लावलीये, टाकीच्या पाइपलाच. तू पाणी सोडलंस की ती सुरू होते. साऱ्या गल्लीला ऐकू येते. तुझ्याच घरचं, तुला ठाऊक असणार, म्हणून कुणी बोललं नाही.”

आत्या मटकन ओट्यावर बसली. पाणी सोडायच्या वेळी ती टेकाडावर असायची, तिला घरातली मोटर कशी ऐकू येणार? भर उन्हात ती कुदळ मारत होती तेव्हा बायका खिडक्यांतून बघत होत्या. कौतुकाने बघतायत, असं तिला वाटलं होतं. त्यांना ते सोंग वाटत होतं. चोर भाऊ होता आणि तोंड हिचं काळं झालं होतं. तिला रडू आलं नाही, भयंकर राग आला.

“गाडी हलवू नकोस,” ती म्हणाली आणि पाना घेऊन चढ चढू लागली.

दादा दारातच आडवा उभा राहिला. “अगं, त्यातलंच पाणी तूही पितेस की.”

“माहीत नव्हतं तोवर प्यायले.”

“आज ना उद्या वस्ती उठणारच आहे. तोवर आपलं बघावं.”

“उठेल तेव्हा उठेल. तुझ्या मोटरपायी नाही उठू देणार मी.”

“नवरा गेला तेव्हा कुणी आणलं तुला घरी? विसरलीस?”

“नाही विसरले. मरेपर्यंत नाही विसरणार. बाजूला हो.”

“जाऊ द्या वन्संना,” आतून वहिनी म्हणाली. तिलाही लाज सहन होत नव्हती बहुधा.

आत्याने मोटर सोडवली, पाइपाचं तोंड बंद केलं. मग घराच्या नळाची चावीही आवळून टाकली. नियम मोडेल त्याचा नळ बंद, त्याने शेवटच्या घरच्या नळावरून पाणी भरायचं, हेही त्याच बैठकीत ठरलं होतं. ठरवणाऱ्यांत दादाच सगळ्यांत पुढे होता.

“तूही याच घरात राहतेस,” दादा म्हणाला.

“म्हणून तर हंडा घेतलाय.”

टाकीत अजून पाणी होतं. तिने ते सोडलं, आणि ती खाली पोचली तेव्हा शिंपिणीच्या नळाला धार लागली होती. शिंपीण गाडीवरची दोरी सोडत होती. मशीन दोघींनी मिळून आत नेलं.

हंडा भरून आत्या निघाली. वाटेत एका दारातून हाक आली, “आत्या, एवढा चढ कशाला? आमच्या नळावरून भरत जा.”

“ठरलंय ते ठरलंय,” ती म्हणाली आणि धापा टाकत पुढे गेली.

घरी तिने माठ भरला, त्यावर पेला उपडा घातला. दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्यानंतर तो तिच्याशी कधीच बोलला नाही. पाणी मात्र तिने आणलेलंच प्यायचा.