कोचकोरच्या बँडमधला ठेक्याचा डबा

मित्रांनो, डबा म्हटलं की तुम्हाला पोळी-भाजी आठवेल. मी त्यातला नव्हे. मी बटण दाबलं की विजेवर ठेका धरणारं एक जुनं ड्रम मशीन. कोचकोर गावच्या बँडमध्ये मात्र मला सगळे डबाच म्हणतात. म्हणेनात का! चाळीस वर्षांत माझा ठेका एकदाही चुकलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

सोव्हिएत काळात एका कारखान्यात माझा जन्म झाला. तरुणपणी मी लग्नांत वाजलो, कौतुक करून घेतलं. पुढे नवी वाद्यं आली आणि मी गावच्या क्लबच्या कपाटात जुन्या पडद्यांखाली पडून राहिलो. वाईट वाटायचं, का नाही वाटणार? मग एक दिवस बेर्मेतनं मला बाहेर काढलं, ब्रशनं माझ्या फटींतली धूळ झाडली आणि तुटलेली तार स्वतः डाग देऊन जोडली. ती सिंथेसायझर वाजवते, सागिन गिटार आणि कुबात ड्रम. गाणारं कोणीच नाही. गिटार-ड्रमचा दणदणाट आणि आमचे विजेचे सूर, एवढाच आमचा संसार.

कुबातला मी डोळ्यांसमोर नको असे.

"माझे हात काय मोडलेत? हा डबा कशाला?"

"हात ठीक आहेत रे, पण जोशात आलास की तुझा घोडा उधळतो," बेर्मेत म्हणायची.

क्लबची खोली आम्हाला सरावासाठी मिळाली होती. पण या वर्षी क्लब सांभाळणाऱ्या तुरसुनायताईंनी स्पष्टच सांगितलं, "लोकरीचे नमदे, गालिचे करणाऱ्या बायकांना जागा हवीय. तुम्ही नूरुझला, नववर्षाच्या सणाला वाजवा. गाव उठून गेलं, तर किल्ली परत करायची. तोंड शिवल्यासारखे वाजवता, कोण बसतंय ऐकायला!"

सणाच्या दिवशी क्लबच्या अंगणात गव्हाच्या मोडांच्या खिरीच्या, सुमालकच्या कढया रटरटत होत्या आणि सगळं गाव जमलं होतं. आम्ही सुरुवात झकास केली. त्या रचनेत मध्येच गिटार आणि ड्रम थांबतात, मी एकटा हळू टकटक करतो आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. गावाला हे काय ठाऊक! गावातले सर्वांत वडीलधारे सापारबाय आजोबा, त्यांना वाटलं, संपलं. ते उठले आणि आशीर्वाद द्यायला त्यांनी दोन्ही तळवे उघडले.

झालं! सगळ्या अंगणानं तळवे उघडले. बेर्मेतनंही. माझं बटण तिच्यापासून वीतभर अंतरावर होतं, पण वडीलधाऱ्याच्या आशीर्वादात हात खाली कोण घेणार? मला थांबवायला एकही हात मोकळा नव्हता. मी आपला टक-टक, टक-टक. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. सागिनचा चेहरा पांढरा पडला. तुरसुनायताई माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. गेली खोली, मला वाटलं.

आजोबांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं. क्षणभर ऐकलं. मग खणखणीत आवाजात म्हणाले,

"लेकरं वाढोत, वासरं वाढोत! कोणाची चूल थंड न पडो!"

अगदी माझ्या ठेक्यावर! ओळीमागून ओळ, एकही शब्द पुढे-मागे नाही. शेवटी "ओमिन!" म्हणत सगळ्यांनी चेहऱ्यावरून तळवे फिरवले आणि पुढच्याच ठोक्याला कुबातची काठी ड्रमवर पडली. गिटार गरजली. म्हाताऱ्या बायका हातातल्या पळ्यांसकट नाचायला लागल्या. एक माणूस उठून गेला नाही.

"काय रे, हा थांबला कसा नाही?" नंतर आजोबांनी विचारलं.

"चूक झाली, आजोबा," कुबात पुटपुटला.

"कसली चूक? पन्नास वर्षं आशीर्वाद देतोय, दरवेळी मध्येच कोणीतरी खोकतं. आज पहिल्यांदा नीट साथ मिळाली!"

तुरसुनायताई हसल्या. "ठेवा किल्ली. बायकांसाठी शाळेत जागा बघते मी."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू पडली असेल. तिची धूळ झाडा, तार जोडा, आणि मग तिला कामाला लावा. नुसतं जपून ठेवलेलं आम्हाला सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी सरावाला कुबात सगळ्यांच्या आधी आला. त्यानं माझी वायर लावली, शर्टाच्या बाहीनं मला पुसलं आणि म्हणाला, "चल, तू सुरू कर. मी येतो तुझ्या मागून."