दोन दहाची गाडी

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा नवराबायको दोघांकडे वळवला. सात दिवसांच्या सात आडव्या पट्ट्या होत्या. जागेपण पिवळं, झोप निळी. निळंच जास्त होतं.

"दिवसरात्र मिळून पंधरा तास झोप. पावलं दिवसाला तीनशेच्या आत," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूच्या झटक्यानंतर असं होतं, त्यात तुमचा दोष नाही. पण कामावर रुजू होण्याचं पत्र मी आत्ता देऊ शकत नाही."

"पंधरा तास? कुंभकर्ण आहे का मी?" कंट्रोलरांची जीभ अजून थोडी जड होती, त्यामुळे कुंभकर्ण अर्ध्यावरच अडखळला आणि ते अधिकच चिडले.

सव्वीस वर्षं ते बस आगारात कंट्रोलर होते. कोणती गाडी कधी आली, किती उशिरा सुटली, याची नोंद त्यांच्या हातची. साडेतीन महिन्यांपूर्वी डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं परत आला, हात आला नाही. आगारानं दुपारची अर्धी पाळी, एक ते पाच, त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. पण एक तारखेपर्यंत डॉक्टरांचं पत्र आलं नाही, तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती. एक तारखेला बारा दिवस उरले होते.

डॉक्टरांनी आलेखाची छापील प्रत दिली आणि आठवडाभर मनगटावर बांधलेला, झोप आणि पावलं मोजणारा पट्टा काढून घेतला.

घरी आल्यावर बायकोनं चपला काढता काढताच सुरुवात केली. "मी रोज पाचनंतर घरात येते तेव्हा तुम्ही तोंड उघडं टाकून झोपलेले असता. पाण्याचा ग्लास भरलेला तसाच. हातात दाबायचा चेंडू खुर्चीखाली. आणि वर म्हणायचं, झोपच नाही."

"रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पंचवीसदा सांगून झालं."

"अहो, यंत्राचं तुमच्याशी काय वैर आहे?"

"मग यंत्राशीच कर संसार! तेच खरं बोलतं ना?"

ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर आकडे वाचायचे आणि खाली सही करायची, हेच तिचं काम. आकड्यासमोर माणसाचं सांगणं कमी धरायची तिला सवय होती. "रोज वीस मिनिटं गॅलरीत चालतो म्हणता. मग पावलं तीनशेच कशी?"

"तरंगत जात असेन!" म्हणत त्यांनी खिडकीतली वही उजव्या हातानं तिच्या दिशेनं भिरकावली. वही टेबलाच्या पायाला आपटून उघडी पडली.

तिनं ती उचलली. शाळेच्या वहीसारखी रेघांची वही, त्यात पट्टीनं आखलेले रकाने: गाडीचा नंबर, ठरलेली वेळ, आलेली वेळ, फरक. खिडकीखालून जाणाऱ्या प्रत्येक बसची नोंद. सहा आठवडे ते हेच करत होते आणि तिला वाटत होतं, वहीत व्यायाम लिहितात.

ती आलेखाची प्रत घेऊन टेबलाशी बसली. मंगळवारी बारा चाळीस ते तीन, सलग निळं. वहीत त्याच वेळात नऊ गाड्या. 'दोन दहा, चौदा नंबर, चार मिनिटं उशीर.' अक्षर स्वच्छ, सरळ.

झोपेत कुणी असं लिहीत नाही.

दोन तपासण्या जुळल्या नाहीत की आकड्यांशी भांडायचं नाही, आधी नमुना कुठून घेतला ते पाहायचं, हे ती नव्या मुलींना शिकवायची. तिनं मान वर केली. कंट्रोलर उजव्या हातानं चहा पीत होते. डावा हात मांडीवर, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. त्याच मनगटावर पट्ट्याचा पांढुरका वळ होता.

पट्टा तिनंच बांधला होता. नर्स म्हणाली होती, घड्याळासारखा बांधा. आणि ते तीस वर्षं घड्याळ डाव्याच हातात घालत आले होते.

"अहो, पट्टा चुकीच्या हाताला होता. न हलणाऱ्या."

त्यांनी आधी हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे आठवडाभर याची झोप मोजली?"

"हो."

"हा तर झटका आल्यापासून उठलाच नाही!" ते हसले. मग कप आपटला. "आणि बाईसाहेब, तुम्हाला प्रयोगशाळेत ठेवलंय कशाला?"

ती पानं उलटत राहिली. एक गोष्ट रोज सारखी होती. सव्वातीनच्या सुमाराला अक्षर तिरकं व्हायचं, शेवटच्या आकड्याची शेपटी रकान्याबाहेर घसरायची. पुढची नोंद थेट सव्वापाचनंतर.

"या दोन तासांत काय?"

"तेव्हा गाड्या कमी असतात."

"मी रोज चार पन्नासच्या गाडीनं येते. तीसुद्धा यात नाही."

ते खिडकीबाहेर पाहू लागले.

"वेळापत्रक तुम्हाला तोंडपाठ आहे. भरून टाकता आलं असतं."

"न पाहिलेली गाडी लिहायची नाही," ते म्हणाले. आवाज एकदम ड्यूटीवरचा.

आणि पाळी होती एक ते पाच. झोप नेमकी तिच्यातच येत होती, हे दोघांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून दवाखान्यात गेली आणि पट्टा परत घेऊन आली. पुन्हा सात दिवस. म्हणजे पत्रासाठी जेमतेम चार दिवस उरणार. या वेळी उजव्या हाताला. लिहिताना पट्टा वहीवर खटखट आपटत होता, कंट्रोलर त्याला शिव्या घालत होते. त्याच दुपारी जेवायच्या आधी त्यांनी आगारात फोन लावला.

"साहेब, सकाळची पाळी आहे का कुठली?... नाही, दुपारची नको." त्यांनी बायकोकडे पाठ केली. "दुपारी मला झोप येते. आवरत नाही." मग ऐकत राहिले, "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"सकाळी माणूस आहे म्हणे. आधी पत्र आणा, मग बघू." त्यांनी चेंडू भिंतीवर मारला. "बघू! सव्वीस वर्षं झाली आणि म्हणे बघू!"

चेंडू तिनं उचलून दिला. त्यांनी तो पुन्हा मारला. तिनं पुन्हा दिला.

सव्वातीनला अक्षर तिरकं होऊ लागलं. कंट्रोलरांनी पट्टी घेतली, नोंदीखाली रेघ ओढली, 'इथून नोंद नाही' असं लिहून शेजारी वेळ टाकली आणि काठी टेकत आतल्या खोलीत झोपायला गेले.