चंदेरी रंगात कोंडलेली करवत

मित्रांनो, मी एक जुनी साखळीची करवत आहे. पेट्रोलवर चालते, कान किटतील इतका आवाज करते आणि आजवर तीन मालकांच्या हाताखाली राहिले आहे. त्यांतल्या एकालाच मी मानते. बाकीच्या दोघांविषयी चार गोड शब्द बोलावेत, असे काही त्यांनी केलेले नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांबलचक टेबलापाशी उभ्या असलेल्या बायकांनी माझे स्क्रू आवळले, एका तपासनिसाने मला दोन मिनिटे चालवून पाहिले आणि खोक्यात घातले. माझा पहिला मालक झाडे कापण्याचे काम करी. रोज काम संपले की तो माझ्या साखळीचा एकेक दात कानशीने घासे, साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या खाचेतला भुसा काडीने कोरून काढी आणि मगच स्वतःचे हात धुई. बावीस वर्षांत त्याने मला एकदाही छान म्हटले नाही. त्याची गरजच नव्हती.

पुढे त्याच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या आणि मी त्याच्या पुतण्याकडे गेले. हा महाशय मला मागेल त्याला देऊन टाकी. कोणी माझ्याकडून ओली लाकडे कापली, कोणी खिळे ठोकलेली फळी, आणि एका दिवट्याने तर दगड. "जुनीच तर आहे, काय होतंय तिला!" हे पुतण्याचे एकमेव ज्ञान. मी बंद पडले तेव्हा त्याने मला पाण्याच्या टाकीखाली ढकलले. तिथे सहा वर्षे गेली. उंदरांनी माझ्या हवेच्या जाळीत संसार थाटला. त्यांच्यावर माझा राग नाही. घरात निदान ते तरी उद्योगी होते.

मग साहेब आले. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, बोटांना कधी वंगण न लागलेले साहेब. जुन्या करवती दुरुस्त करणे हा त्यांचा छंद. दुरुस्त हा शब्द त्यांचा, माझा नव्हे. माझे इंजिन त्यांनी गुपचूप दुचाकीच्या मिस्त्रीकडून नीट करून आणले आणि मित्रांना सांगितले, "प्रत्येक वॉशर या हातांनी बसवलाय!" स्वतःच्या हातांनी त्यांनी केले ते एकच काम, रंगकाम. मला भडक नारिंगी, आणि माझ्या पट्टीला चंदेरी. एक हात, दोन हात, तीन हात. आरशापुढे बसलेल्या नवरदेवालाही इतके थर लागत नसतील.

त्यांच्या घरातल्या बोळात दोन करवती भिंतीला टांगलेल्या होत्या. त्या चालेनात, म्हणून वजन कमी करायला साहेबांनी त्यांची इंजिने काढून टाकली होती. आतून पोकळ, बाहेरून चकचकीत. त्या घरात याला मान होता.

"रविवारी मंडळी येतायत. चालली तर ठीक," साहेब बायकोला म्हणाले, "नाहीतर हिचंही पोट रिकामं करतो आणि सोफ्याच्या वर टांगतो."

"अहो, चालेल ती," बाई पडद्याची किनार शिवता शिवता म्हणाल्या. लोकांचे पडदे त्या तीस वर्षे मशीनवर शिवत होत्या. "इतक्या लवकर काय पोट काढताय कुणाचं?"

मित्रांनो, मी भ्याले नाही असे सांगितले तर ते खोटे ठरेल.

रविवारी अंगणात ओंडका मांडला गेला. मंडळीत एक दातांचे डॉक्टर होते आणि एक साहेबांचे मेहुणे. साहेबांनी दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला मी गरजले. टाळ्या पडल्या. साखळी ओंडक्याला टेकली, दोन बोटे खोल गेली आणि पट्टीतून धूर निघू लागला. जळक्या रंगाचा वास सुटला. साहेबांनी मला घाईघाईने बंद केले.

आणि मग विद्वानांची सभा भरली.

"दात उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "कीड नाही."

"दाजी, पेट्रोल भेसळीचं असणार," मेहुणे म्हणाले.

"छे, कार्ब्युरेटर!" साहेब म्हणाले. कार्ब्युरेटर माझ्या कोणत्या बाजूला असतो, हे त्यांना कोणी विचारू नये एवढीच माझी इच्छा होती. "संपली ही. उद्याच इंजिन काढतो."

बाई सरबताचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "अहो, हिला तेल कुठून मिळतं?"

"अगं, तेलाची टाकी भरलीय ना काठोकाठ."

"टाकीत आहे. साखळीला पोचतं का?"

बाईंनी ट्रे खाली ठेवला. "आधी निवू द्या तिला," असे म्हणून त्या तोवर घरातून जाडी सुई घेऊन आल्या. साहेबांकडून त्यांनी पट्टी सोडवून घेतली आणि तिच्या बुडाशी, इंजिनाकडच्या टोकाला, बोट फिरवले. तिथे तेल येण्याचे बारीक भोक असते. ते तीन हातांच्या चंदेरी रंगाने लिंपले गेले होते.

"माझ्या मशीनलाही असंच भोक आहे," त्या हळूच म्हणाल्या. "त्यावर कुणी रंग दिला असता, तर तुमच्या घरी चूल पेटली नसती."

सुईने रंगाची टिकली निघाली. पट्टी बसवली गेली. साहेबांनी माझे टोक जुन्या वर्तमानपत्रावर धरून मला पुन्हा चालवले. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली. मग ओंडका पावासारखा कापला गेला.

"मला वाटलंच होतं, तेलाचाच प्रश्न," मेहुणे म्हणाले. त्यांना उत्तर देण्याइतकी मी रिकामी नव्हते.

मंडळी गेल्यावर मात्र साहेब माझ्यापाशी उकिडवे बसले. चष्मा पुसला. मग बायकोकडे न पाहता म्हणाले, "अगं, आणखी कुठे कुठे भोकं असतात गं? दाखव जरा." त्या शेजारी बसल्या आणि दाखवू लागल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांची नखे काळी झाली होती. त्यांच्याविषयी सांगण्यासारखी एवढीच एक चांगली गोष्ट माझ्यापाशी आहे, आणि ती खरी आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू घरी आणाल तेव्हा तिची कीव करू नका आणि तिला नटवूही नका. आम्हाला दोन्हींचा कंटाळा आहे. आधी आमचे झाकण उघडा, कुठे काय अडकले आहे ते बघा आणि तेल घाला. तेवढे जमत नसेल, तर आम्हाला हात लावू नका. टाकीखाली उंदीर तरी असतात.