माझ्या पोटातलं वाण

मित्रांनो, मी एक जुना फ्रीजर आहे. आइस्क्रीमचा नव्हे. माझ्यात उणे ऐंशी अंश थंडी असते, आणि चंडीगडच्या एका प्रयोगशाळेत मी जिवाणू झोपवून ठेवतो.

मी नवा होतो तेव्हा डॉ. श्रीनिवास मला फार जपत. वीज गेली की जनरेटर लागेपर्यंत ते माझ्या दारावर हात ठेवून उभे राहत, जणू त्या हातानं माझी थंडी टिकणार होती. कारण त्यांचं सगळं काम माझ्या पोटात होतं. दिवाळीच्या सुमारास इकडे शेतांत भाताचा पेंढा जाळतात, गावभर धूर होतो. त्या पेंढ्यातली साखर खाऊन इंधन तयार करतील असे जिवाणू सरांनी घडवले होते. त्यांचं मूळ वाण छोट्या कुप्यांत माझ्याकडे होतं.

आश्लेषा त्यांची सहकारी, नागपूरची. सरांच्या घरून ती विरजण न्यायची. सर तिला चिडवत, “कालच्या दह्यातून आजचं दही लावता, तसं इथे करू नका हं. कालच्या काचेच्या चंबूतले जिवाणू घेऊन आजचा चंबू लावायचा नाही. इंधन बनवणं जिवाणूंना जड जातं. एखाद्यानं काम टाकलं की तो भराभर वाढतो, आणि चंबूत त्याचीच प्रजा उरते. फ्रीजरकडे परत यायचं.”

“हो सर, येऊन राहिले ना मी,” ती हसून म्हणे.

सर निवृत्त झाले. कुप्या थोड्या उरल्या होत्या. त्या संपतील या भीतीनं आश्लेषा चंबूतूनच चंबू लावत गेली. माझं दार कुणी उघडेना. मग तपासणीला समिती आली, आणि चंबूत इंधन जवळजवळ नव्हतंच. सरांचा मूळ दावाच खोटा असावा, असं कुणीतरी म्हणालं.

सरांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी हलकेच विचारलं, “आश्लेषा, फ्रीजरमधली कुपी उघडली होतीत ना?”

समितीसमोर ती घाबरली. “हो सर.”

“मग माझंच चुकलं असेल,” सर म्हणाले.

नंतर ते माझ्याजवळ आले आणि मोहालीत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलीला, देवयानीला, त्यांनी फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, “जाने दो ना बाबा. अब तो रिटायर हो गए हो.”

“हो गं,” सर म्हणाले. बाहीनं माझ्या दाराच्या कडेचा बर्फ पुसून ते गेले. त्या हिवाळ्यात ते वारले.

मी आता फार कण्हतो, म्हणून मला बंद करायचं ठरलं. खोलीच्या दारामागे टांगलेला सरांचा स्वेटर न्यायला देवयानी आली. मोहालीहून इथे यायला वेळ तो कितीसा, पण ती पहिल्यांदाच येत होती. आश्लेषा माझं पोट रिकामं करत होती. एक कुपी तिच्या हातात राहिली. “ही एकदा लावून बघते,” ती कुणाकडे न बघता म्हणाली.

काही दिवसांनी तिनं देवयानीला पुन्हा बोलावलं. सरांनी सांगितलं होतं तेवढं इंधन चंबूत होतं.

“सरांनी मला विचारलं होतं,” आश्लेषा म्हणाली. “मी हो म्हटलं. उघडली नव्हती.”

देवयानीनं स्वेटरची घडी मोडली, पुन्हा घातली. मग अडखळत मराठीत म्हणाली, “मी तर विचारलंपण नाही. मला वाटलं, चुकले असतील.”

“समितीला मी सगळं लिहून देते.”

“द्या,” देवयानी म्हणाली. “बाबांना काय सांगायचं?”



मित्रांनो, शरम मलाही वाटते. त्या दिवशी सर माझ्या दाराशी उभे होते, त्यांचा खरेपणा माझ्या पोटात होता, आणि मी नेहमीसारखा घरघरत राहिलो. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या घरातलं कुणी हळू आवाजात ‘माझंच चुकलं असेल’ म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. आधी दार उघडून बघा.

कुप्या आता नव्या फ्रीजरमध्ये गेल्या आहेत. जाताना देवयानीनं माझ्या दारावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ काढला नाही. आत राखण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.