बकारामचं परमिट

"रविता, लाईन चालू कर." इंजिनिअरसाहेबांचा हा तिसरा फोन.

"सर, बकारामभाऊचं परमिट परत आलं नाही."

वीज उपकेंद्रात रविता एकटीच ऑपरेटर होती. सकाळी लाईनमन बकाराम बंद लाईनचं परमिट घेऊन तुटलेली तार जोडायला गेला होता. ज्यानं परमिट घेतलं, त्यानंच खाली उतरून कळवायचं. त्याआधी वीज सोडायची नाही, असा नियम होता.

"अर्ध्या तासाचं काम, दोन तास झाले. उतरला असेल तो! इथं आदर्श कर्मचारी पुरस्कार चाललेत, मोठे साहेब घामानं भिजलेत."

रवितानं पुन्हा बकारामला फोन लावला. बंद. तिला नंदलाल आठवला. तोही ऑपरेटरच. त्यानं साहेबांच्या तोंडी शब्दावर लाईन सोडली, तेव्हा खांबावर माणूस होता. चौकशीत साहेबांचं नाव कुठंच आलं नाही. नंदलाल मात्र घरी बसला.

तिनं स्विचला कुलूप घातलं. किल्ली मुठीत धरली.

थोड्या वेळानं जीप थांबली. साहेब तरातरा आत आले.

"किल्ली दे."

"देते सर. फक्त या वहीत लिहून द्या, तुमच्या सहीनं."

साहेबांनी पेन उघडलं. वहीकडं पाहिलं. बाहेर कावळा ओरडत होता. पेन तसंच हवेत राहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. "बाई, बकाराम बोलून राहिलो. समोर आनखी एका जागी तार तुटला होता. आत्ताच उतरलो. मोबाईल बंद पडला, म्हनून दुकानातून लावला. सोडा लाईन."

रवितानं वेळ लिहिली, कुलूप काढलं, लाईन सोडली. साहेब पेन खिशात घालून निघून गेले.

आठव्या दिवशी तिच्या बदलीचा आदेश आला. कारण: प्रशासकीय.

तिच्या जागी दुलीचंद आला, कंत्राटावरचा. ती त्याला वह्या समजावून देत होती.

"मॅडम, साहेबाचा फोन आला तर चालू करून द्याचा ना?" त्यानं विचारलं. "माझा करार सहाच महिन्याचा हाय."

दारात बकाराम उभा होता, नवं परमिट घ्यायला. त्यानं ते ऐकलं. सही केली, पण लगेच निघाला नाही. एरवी कामापलीकडं न बोलणारा हा माणूस दुलीचंदसमोर जाऊन बसला.

"कोन्या गावचा गा तू?"

"बिरसीचा."

"माझ्या घरी बायको हाय. दोन पोरी हायत. लहानीचं नाव भूमेश्वरी." त्यानं परमिट घडी करून खिशात घातलं. "सांगून ठेवलं तुले."

मग तो उठला आणि लाईनच्या दिशेनं चालू लागला.