चौथा जोड

वहिनींनी म्हातारीचा सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि बुटाची नाडी पार खालपर्यंत सैल केली. चपला-बुटांच्या या दुकानात त्यांना सतरा वर्षं झाली होती. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. पाय बघून त्या गिऱ्हाइकाचा स्वभाव सांगायच्या, आणि बायका खो-खो हसायच्या. हा पाय मात्र थरथरत होता.

"सरळ ठेव ना! अक्कल गहाण टाकलीस का?"

म्हातारीचा मुलगा खेकसला. हा चौथा जोड. त्याचा धीर सुटला होता. त्यानं वाकून आईचा घोटा आवळला आणि पाय बुटात कोंबला. म्हातारीनं ओठ दाताखाली धरला.

"साहेब, हात काढा."

"काय म्हणालात?"

"त्यांना दुखतंय. हात काढा म्हटलं."

मग त्याचा आवाज दुकानभर झाला. पायरी ओळखून राहा, मालकाला बोलवा! वहिनींनीही माघार घेतली नाही.

"आईचा पाय आहे तो, लाकूड नव्हे!"

मालक काउंटरमागून उठून आले.

"आजी, तुम्हीच सांगा, काय झालं?"

म्हातारीनं एकदा मुलाकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"माझा मुलगा काहीच बोलला नाही. यांनीच आवाज चढवला."

वहिनींनी बूट हलकेच काढला, तिचा पाय खाली टेकवला आणि त्या उठल्या.

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले. त्यांची नजर खोक्यांच्या चळतीवर होती.

घरी नवरा धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. सगळं ऐकून तो भडकला.

"अगं, तू तिच्यासाठी भांडलीस, आणि ती धडधडीत खोटं बोलली?"

"तिला त्याच्याबरोबरच घरी जायचं होतं," वहिनी म्हणाल्या. "तिच्या जागी मीही तेच बोलले असते."

आवाज जरासुद्धा कापला नव्हता. त्यांनी ढिगातला टॉवेल उचलला, झटकला.

"आणि मालक? काउंटरवरून तर सगळं समोरच दिसतं ना?"

टॉवेलची घडी अर्धीच राहिली. टॉवेल चेहऱ्याशी धरून वहिनी होत्या तिथेच, भिंतीला टेकून, खाली बसल्या.